बाई, डबे एकात एक असले तर?

मुलांनो, कुणी पत्ता विचारला आणि मी 'इंद्रलोक' म्हटलं, की समोरचा माणूस हमखास हसतो. पण आमचं इंद्रलोक स्वर्गातलं नाही बरं का, ते आहे भाईंदर पूर्वेला. इथे अप्सरा नाहीत, रिक्षा आहेत. ऐरावत नाही, पाण्याचे टँकर आहेत. गच्चीवर उभं राहिलं तर इमारतींच्या पलीकडे मिठागरांचा सपाट पट्टा दिसतो, आणि संध्याकाळी लोकल आली की स्टेशनकडून माणसांचा पूर येतो. अशा या इंद्रलोकात मी राहते आणि जवळच्याच एका शाळेत चौथीला शिकवते. डी.एड. झाल्यापासून हेच काम करते आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

आज मात्र मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. शिक्षक आपल्या चुका सहसा सांगत नाहीत. पण ही सांगितली नाही तर एका मुलीवर अन्याय होईल. तिचं खरं नाव मी छापणार नाही. आपण तिला चिमी म्हणू.

चिमी तिसऱ्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसते. आमचं भाईंदर स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. चिमीचे बाबा अशाच एका गाळ्यात भांड्यांना पॉलिश करायचं काम करतात. पहिले सहा महिने चिमी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला 'हजर' म्हणायची, तेसुद्धा इतकं हळू की मला मान वर करून बघावं लागे. दिवाळीनंतर कुठे तिचा हात अधूनमधून वर जायला लागला होता.

त्या दिवशी मी तापमान शिकवत होते. टेबलावर पाण्याचे दोन पेले ठेवले आणि विचारलं, "या पेल्यातलं पाणी ३० अंश आहे. त्या पेल्यातलंही ३० अंश. दोन्ही एका पातेल्यात ओतले, तर तापमान किती?"

"साठ!" अर्धा वर्ग ओरडला.

मी हसले. हा प्रश्न मी दरवर्षी विचारते आणि दरवर्षी साठ हे उत्तर येतं. मग मी मुलांना पाण्यात बोट घालायला लावलं. पाणी होतं तसंच कोमट. साठ अंश असतं तर बोट भाजलं असतं. मग फळ्यावर दोन रकाने केले. एकात लिहिलं 'दुप्पट होणाऱ्या गोष्टी': वजन, पेल्यांची संख्या, पाण्याचं माप. दुसऱ्यात लिहिलं 'तेवढ्याच राहणाऱ्या गोष्टी': तापमान, रंग, चव. एवढ्यावर थांबले असते तर सगळं ठीक झालं असतं.

पण तास संपायला दहा मिनिटं उरली होती, म्हणून मी एक खेळ काढला. तुम्हीही तो खेळून बघा. एक नाणं रुमालाखाली लपवा. छापा वर आहे की काटा, हे समोरच्यानं ओळखायचं. विचारायचे प्रश्न असे, की ज्यांचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असेल. एका नाण्याला एक प्रश्न पुरतो: "छापा आहे का?" दोन नाणी असली तर दोन प्रश्न. दहा नाणी असली तर दहा.

आता गंमत बघा. एक नाणं दोन प्रकारे पडू शकतं. दोन नाणी चार प्रकारे. तीन नाणी आठ प्रकारे. प्रत्येक नव्या नाण्यागणिक प्रकार दुप्पट होतात. दहा नाणी १,०२४ प्रकारे पडतात आणि वीस नाणी १०,४८,५७६ प्रकारे! प्रकारांचा आकडा असा फुगत जातो. प्रश्न मात्र साधेसुधे वाढतात. दहा नाण्यांना दहा, वीस नाण्यांना वीस.

मी खडू उचलला आणि पहिल्या रकान्यात 'प्रश्नांची संख्या' असं लिहून टाकलं. वर म्हटलं, "वस्तू दुप्पट, की प्रश्न दुप्पट. नेहमी!"

भिंतीजवळचा हात वर गेला.

"बाई, नेहमी नाही."

"काय म्हणालीस?"

"बाई, डबे एकात एक असले तर?"

वर्ग खदाखदा हसला. शेवटचा तास होता. माझं डोकं दुखत होतं, आणि पन्नास मुलांचा गलका आवरता आवरता माझा घसा बसला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे नाण्यांचं चाललंय, डबे कुठून आले मधेच? नेहमी म्हणजे नेहमी. बस खाली."

चिमी बसली. घंटा झाली आणि मुलं पळाली.

रात्री जेवणं झाल्यावर मी ओट्यापाशी भांडी लावत होते. आमच्याकडे सासूबाईंचा जुना स्टीलच्या डब्यांचा सेट आहे. रिकामे झाले की ते एकात एक घालून ठेवायचे, म्हणजे जागा वाचते. सगळ्यात मोठा बाहेर, सगळ्यात लहान आत. डब्यात डबा घालून झाकण लावताना माझा हात थांबला. चिमीचा प्रश्न आत्ता कुठे मला ऐकू आला.

मी जमिनीवर बसले. समजा, दहा डबे आहेत आणि प्रत्येक डबा उघडा तरी आहे किंवा बंद तरी. फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले असले, तर ते अगदी नाण्यांसारखे. प्रत्येकाचं आपापलं. कुठलाही उघडा, कुठलाही बंद. १,०२४ प्रकार, दहा प्रश्न. पण एकात एक घातले तर? बाहेरचा उघडल्याशिवाय आतला उघडता येत नाही. लावायचे तर आतला आधी लावावा लागतो. मग प्रकार किती? सगळे बंद, हा एक. बाहेरचा एक उघडा, हा दुसरा. बाहेरचे दोन उघडे, हा तिसरा. असं करत दहाही उघडे. मोजले. अकरा. १,०२४ नव्हे, फक्त अकरा!

आणि प्रश्न? "पाचापेक्षा जास्त उघडे आहेत का?" इथून सुरुवात करून दरवेळी उरलेल्यांचे दोन भाग पाडत गेलं, तर जास्तीत जास्त चार प्रश्नांत उत्तर सापडतं. आता डबे दुप्पट करू. वीस डबे एकात एक. प्रकार एकवीस. प्रश्न? पाच!

डबे दहाचे वीस झाले आणि प्रश्न फक्त एकानं वाढला. मी फळ्यावर जे 'नेहमी' लिहिलं होतं, ते चूक होतं. चिमीचं बरोबर होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगायचं! मीही रात्री तेच ठरवलं होतं. पण सकाळी वर्गात शिरले आणि जीभ उचलेना. वाटलं, मुलं काय म्हणतील? बाईंनाच येत नाही म्हणतील. मधल्या सुट्टीत सांगू. मधली सुट्टी झाली, तेव्हा वाटलं, जाऊ दे, विसरली असेल ती. त्या दिवशी मी गणिताच्या तासाला चार सोपे प्रश्न विचारले. चारही वेळा चिमीकडे बघितलं. हात वर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हजेरीचं 'हजर' पुन्हा ऐकू येईनासं झालं.

मी लहान असताना मलाही कुणीतरी असंच 'बस खाली' म्हटलं होतं. काय विचारलं होतं ते आज आठवतसुद्धा नाही. पण त्यानंतर बरीच वर्षं मी हात वर केला नाही, एवढं नक्की आठवतं.

आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काका राहतात. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आहेत. त्या संध्याकाळी वाळत घातलेले कपडे आणायला मी गच्चीवर गेले, तर काका फेऱ्या मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. नाणी, डबे, 'बस खाली', सगळं.

काका फेऱ्या मारायचे थांबले. "बाई, ही मुलगी चौथीत आहे?"

"हो."

"तिनं जे विचारलंय ना, त्यावर जगभरचे शास्त्रज्ञ आजही वाद घालतायत."

मला वाटलं, काका माझी समजूत काढतायत. पण ते गच्चीच्या कठड्यावर बसले आणि सांगायला लागले. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत तुम्हाला सांगते.

तुम्ही जो 'किती प्रश्न लागतील' हा खेळ खेळलात, त्याला शास्त्रात एक भारदस्त नाव आहे. एन्ट्रॉपी. हा शब्द १८६५ साली क्लॉसियस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं उष्णतेचा अभ्यास करताना तयार केला. पण एन्ट्रॉपी म्हणजे नेमकं काय मोजायचं, हे उलगडून दाखवलं व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्समान यांनी. पेल्यातलं पाणी म्हणजे असंख्य बारीक रेणू. बाहेरून पेला शांत दिसतो, पण आत रेणूंची सतत धावपळ चाललेली असते. बाहेरून तस्सं दिसणारं पाणी आतून किती वेगवेगळ्या प्रकारे मांडलेलं असू शकतं, ते प्रकार मोजायचे. आणि तो अवाढव्य आकडा तसाच न घेता, त्यातून प्रश्नांसारखा साधा वाढणारा आकडा काढायचा. मोठ्या वर्गांत गेल्यावर तुम्ही त्याला लॉगरिथम म्हणाल. बोल्ट्समान १९०६ साली वारले. व्हिएन्नातल्या त्यांच्या थडग्यावर हेच सूत्र कोरलेलं आहे. माणसाच्या थडग्यावर सूत्र! पण ते सूत्र आहेच तितकं मोठं.

काकांनी मिठागरांकडे बोट केलं. "तिथे मिठाचे ढीग असतात ना? एक ढीग, शेजारी तसाच दुसरा ढीग. वजन दुप्पट, जागा दुप्पट आणि एन्ट्रॉपीही दुप्पट. म्हणजे तुमचं नेहमी मिठाच्या बाबतीत बरोबर आहे. पाण्याच्या, हवेच्या बाबतीतही बरोबर आहे."

"मग चुकतं कुठे?"

"वर," काका म्हणाले, आणि त्यांनी आकाशाकडे बोट केलं. आमच्या इंद्रलोकात दिव्यांमुळे चांदण्या मोजक्याच दिसतात, पण दिसतात.

का चुकतं, ते समजायला एक हिशेब करा. दहा मुलं हात धरून एका ओळीत उभी राहिली. किती जोड्यांनी हात धरले? नऊ. आता वीस मुलं उभी करा. एकोणीस. म्हणजे नऊ आणि नऊ अठरा, आणि दोन ओळी जिथे जोडल्या तिथला एक. जवळजवळ दुप्पटच! मिठातल्या कणांचं असंच असतं. कणाचा खरा संबंध शेजाऱ्यांशी. दोन ढीग एकत्र केले तर फक्त जोडाच्या जागी थोडाफार फरक पडतो, आणि ढीग मोठे असले तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता दुसरा खेळ. दहा मुलांपैकी प्रत्येकानं बाकी सगळ्यांशी हस्तांदोलन करायचं. किती हस्तांदोलनं होतील? पंचेचाळीस. वीस मुलांनी केली तर? नव्वद नाही, एकशे नव्वद! पहिल्या गटातली ४५, दुसऱ्यातली ४५ आणि या गटातल्या दहांनी त्या गटातल्या दहांशी केलेली १००. ही जी मधली शंभर आहेत ना, ती सगळा हिशेब उलटवून टाकतात.

गुरुत्वाकर्षणाचं असंच आहे. एक तारा फक्त शेजारच्या ताऱ्याला ओढत नाही. समूहातल्या प्रत्येक ताऱ्याला ओढतो, जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी, पण कुणालाही सोडत नाही. म्हणून ताऱ्यांचे दोन समूह एकत्र आले, तर 'हा अधिक तो' अशी साधी बेरीज चालत नाही. शास्त्रज्ञ अशा समूहांना अव्यापक, म्हणजे साध्या बेरजेत न बसणारे म्हणतात. तुम्ही हवं तर 'एकात एक डबे' म्हणा.

आणि हे काम आपल्या मुंबई-पुण्यातही झालं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत थानू पद्मनाभन नावाचे शास्त्रज्ञ होते. जन्म १९५७ चा, तिरुवनंतपुरमचा. डॉ. जयंत नारळीकर यांचे ते विद्यार्थी. गुरुत्वाकर्षणानं बांधलेल्या समूहांना हे प्रकार मोजण्याचं शास्त्र कसं लागू पडतं, यावर त्यांनी १९९० साली एक मोठा लेख लिहिला. हा विषय शिकणारे आजही त्या लेखाकडे वळतात. १९९२ साली ते पुण्याच्या 'आयुका' या संस्थेत गेले आणि २०२१ साली पुण्यातच वारले.

या ताऱ्यांच्या दुनियेतली एक गोष्ट ऐकून मी कपड्यांची बादली खाली ठेवली. चहाच्या कपातून उष्णता बाहेर गेली की चहा गार होतो. पण वायूचा मोठा गोळा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं आकसून तारा बनत असतो, तेव्हा तो उष्णता बाहेर टाकतो आणि तरी आणखी तापतो! कसं? पृथ्वीभोवती खालून फिरणारा उपग्रह बघा. तिथल्या विरळ हवेच्या घर्षणानं त्याची ऊर्जा कमी होते आणि तो थोडा खाली येतो. पण खाली आल्यावर त्याचा वेग कमी होत नाही, वाढतो. खाली घसरताना जेवढी ऊर्जा मिळते, तिचा काही भाग घर्षणात जातो आणि उरलेला वेगात येतो. वायूच्या गोळ्यातल्या कणांचंही तसंच. गोळा आकसतो, कण जास्त वेगानं धावतात, आणि कणांचं वेगानं धावणं म्हणजेच तापणं.

कृष्णविवराचं तर विचारूच नका. त्याचं वस्तुमान दुप्पट केलं की एन्ट्रॉपी दुप्पट नाही, चौपट होते. जेकब बेकेन्स्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत हे दाखवलं. आमचा फळ्यावरचा पहिला रकाना तिथे पार कोलमडला असता.

"मग अशा गोष्टींसाठी दुसरा काही नियम आहे का?" मी विचारलं.

काका म्हणाले, "एकानं सुचवलाय." त्यांचं नाव कॉन्स्टंटिनो त्सालिस. जन्म ग्रीसमधल्या अथेन्सचा, १९४३ चा. पण काम केलं ब्राझीलच्या रिओ दि जानेरो शहरात. १९८५ साली मेक्सिको सिटीत शास्त्रज्ञांची एक बैठक चालू होती. कॉफीच्या सुट्टीत बाकीचे गप्पा मारत असताना त्यांच्या मनात एक विचार आला. आपण एन्ट्रॉपी मोजायला एकच माप का वापरतो? त्यांनी बोल्ट्समान यांच्या सूत्रात जणू एक फिरवायचं बटण बसवलं, रेडिओला असतं तसं. त्या बटणाचं नाव 'क्यू'. क्यू एकवर ठेवला की जुनं सूत्र जसंच्या तसं मिळतं. दुसरीकडे फिरवला की दुसरं माप मिळतं. १९८८ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं.

काकांनी खिशातून पेन काढलं आणि विजेच्या बिलामागे मला करून दाखवलं. क्यू शून्यावर ठेवला, तर त्सालिस यांचं माप अगदी सोपं होतं. सगळे प्रकार सारखेच शक्य असतील, तर प्रकार मोजा आणि त्यातून एक वजा करा. बस्स! आता चिमीचे डबे घ्या. दहा डबे एकात एक, प्रकार अकरा. अकरातून एक गेला, दहा. वीस डबे, प्रकार एकवीस. एकवीसातून एक गेला, वीस. डबे दुप्पट, माप दुप्पट! जो हिशेब प्रश्नांनी जमत नव्हता, तो या मापानं चटकन जमला.

मग हेच माप सगळीकडे का वापरू नये? तेही चालत नाही. सुट्ट्या नाण्यांना लावून बघा. एक नाणं, प्रकार दोन, माप एक. दुसरं नाणं, माप एक. दोन्ही मिळून प्रकार चार, माप तीन. एक आणि एक तीन! वरचा एक आला कुठून? दोन मापांच्या गुणाकारातून. खात्री करायची असेल तर तीन फ्रॉक आणि चार रिबिनी घ्या. मापं दोन आणि तीन. जोड्या बारा, म्हणजे माप अकरा. दोन अधिक तीन अधिक दोन गुणिले तीन, अकराच! म्हणजे सुट्ट्या वस्तूंना बोल्ट्समान यांचं माप, आणि एकात एक अडकलेल्यांना दुसरं. कापड मीटरनं मोजायचं, दूध लिटरनं. कुठलं माप लावायचं, ते वस्तूकडे बघून ठरवायचं.

त्सालिस यांचं म्हणणं सगळ्या शास्त्रज्ञांना पटलंय असं मात्र समजू नका. कुठल्या गोष्टीला क्यू किती घ्यायचा, तो आधीच सांगता येतो का, यावर भांडणं आहेत. ताऱ्यांच्या समूहांसाठी हेच माप योग्य का, यावरही सगळ्यांचं एकमत नाही. पण जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत कणांच्या टकरी घडवतात, तेव्हा त्यातून उडणाऱ्या कणांचे आलेख मांडायला त्सालिस यांचं सूत्र वापरतात. तिथल्या एका मोठ्या प्रयोगात आपल्या कुलाब्याच्या टाटा संस्थेचे लोकही आहेत.

काळोख पडला होता. काका उठले आणि जाता जाता म्हणाले, "नारळीकरांची एक सवय माहीत आहे? मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. मी उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल."

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्याला वारले. आयुका त्यांनी उभी केली. त्यांच्या विज्ञानकथा तुमच्यापैकी कित्येकांनी वाचल्या असतील. एवढा मोठा माणूस मुलांकडून प्रश्न मागून घेत होता. आणि माझ्या वर्गात न मागता आलेला प्रश्न मी हसण्यावारी घालवला होता.

तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंचे डबे पिशवीत घालून शाळेत नेले. सासूबाईंनी विचारलं, "शाळेत कसली भिशी आहे का?" मी म्हटलं, "आई, परीक्षा आहे. माझी."

पहिल्याच तासाला मी फळ्यावर परवाचे दोन रकाने पुन्हा काढले. 'प्रश्नांची संख्या, नेहमी' हेही लिहिलं. मग 'नेहमी' या शब्दावर काट मारली. वर्ग गप्प झाला.

"परवा मी चुकले," मी म्हटलं. "चिमीनं मला एक प्रश्न विचारला होता. तो बरोबर होता. मी तो ऐकून न घेता तिला खाली बसवलं. ते त्याहून चूक होतं. चिमी, इकडे ये. हे डबे घे आणि तुला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना दाखव."

आवाज कापत होता माझा. हे बोलायला पाच वाक्यं लागली आणि दोन दिवस.

चिमी आली. मला वाटलं होतं ती हसेल, निदान खूश होईल. तसं काही झालं नाही. तिनं डबे नीट पाहिले आणि गंभीरपणे म्हणाली, "बाई, हे झाकण ह्या डब्याचं नाही."

खरंच नव्हतं! पॉलिशवाल्याची मुलगी ती. तिनं झाकणं बदलून जागच्या जागी लावली, डबे एकात एक घातले आणि सगळ्यांना मोजून दाखवलं. आमच्याकडे सहाच डबे होते. प्रकार सात, प्रश्न तीन. मग तेच डबे टेबलावर ओळीनं मांडले. प्रकार चौसष्ट, प्रश्न सहा. वर्गातला एक मुलगा, जो परवा सगळ्यांत जोरात हसला होता, म्हणाला, "बाई, डबे तेच, पण ठेवायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं!" मला जे समजायला काका, विजेचं बिल आणि दोन रात्री लागल्या, ते त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं.

मुलांनो, माझी भीती खोटी ठरली. 'बाईंनाच येत नाही' असं कुणी म्हणालं नाही. एवढंच झालं, की त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'नेहमी' हा शब्द उच्चारायची सोय उरली नाही. मी चुकून म्हटलं, की कुणीतरी मागून ओरडतं, "बाई, डबे!"

आणि पालकांनो, तुमच्यासाठी एवढंच. घरी मूल कामाच्या वेळी मधेच काहीतरी भलतं विचारतं, तेव्हा आपल्या तोंडावर 'गप बस' येतं. माझ्याही येतं, अजूनही. पण हल्ली ते तोंडातून निघायच्या आत मला डब्याचं झाकण आठवतं.

हे सगळं मी का लिहिलं, तर चिमीचा हात पुन्हा वर यायला लागलाय म्हणून. लगेच नाही आला. आणखी आठवडाभर वाट पाहावी लागली. मग एका दुपारी आला.

"बाई, मिसळणाच्या डब्याचं काय?"

मिसळणाचा डबा म्हणजे बाहेर एक मोठा डबा, आणि आत मोहरी, जिरं, हळद, तिखट वगैरेंच्या सात वाट्या. समजा, त्या सातही वाट्यांना आपापली झाकणं आहेत. मोठं झाकण उघडल्याशिवाय आतल्या कुठल्याच वाटीला हात लागत नाही. पण एकदा ते उघडलं, की आतल्या वाट्या शेजारी शेजारी, नाण्यांसारख्या सुट्ट्या. म्हणजे अर्धा हिशेब एकात एक डब्यांचा आणि अर्धा फळीवरच्या डब्यांचा! एकूण प्रकार किती?

या वेळी मी म्हटलं, "मला आत्ता सांगता येणार नाही. घरी मोजते आणि उद्या सांगते."

मी मोजले. तुम्हीही मोजा. आणि उत्तर १२८ आलं, तर समजा की तुम्ही एक झाकण विसरलात.